पहिलीचं इंग्रजी

भोरच्या एसटी स्टँडवर खातून पुण्याच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर हिर्डोशीचे एक गुरुजी बायकोसोबत बसले होते. गुरुजींचा पाय काही ठरत नव्हता. सारखे उठत होते, बसत होते.

“अर्ज घेतलाय न्हवं?” बायकोनं विचारलं.

“घेतलाय. निवृत्ती म्हणजे निवृत्ती. आजच देऊन टाकतो पुण्याला.”

“आन् ह्ये चित्रांचं पुस्तक?”

“यंदा जूनपासून पहिलीलाच इंग्रजी आहे. ते शिकवायला दिलंय. मलाच धड येत नाही, सव्वीस वर्षं मास्तर आहे मी! सहा वर्षांची पोरं हसतील मला.”

“मंग आदी मला शिकवा. म्या न्हाई हसायची.”

“इथं? लोक बघतायत.”

“बघू द्या. ह्या चित्रातल्या कोंबडीला काय म्हनत्यात?”

“हेन.”

“येन?”

“येन नाही. हेन. ह म्हण, ह.”

“हेन. आन् ही धा पिल्लं?”

“दहाला टेन.”

“हेन, थेन. अवो, जुळतंय की!”

“थेन नाही गं! टेन. ट, टोपीचा ट.”

पुण्याची गाडी लागली. खातून पिशवी उचलत म्हणाली, “गुरुजी, चला, गाडी आली.”

“तुम्ही व्हा पुढं,” गुरुजी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. “हिचं अजून टेन पक्कं झालेलं नाही.”