काशीमावशीच्या टोप्या न्हाई काढणार

जमलेल्या आयाबायांनो, बापूंनो,

मला बोलायला उभं केलंय. अंगणवाडीत लेकरांपुढं दिवसभर तोंड चालतंय माझं. आज पयलं वाक्य सापडना. तरी बोलणार. काशीमावशी जाऊन आज दहा दिवस झाले. नुसतं गोड बोलून घरी जायचं असंल, तर मला उभं करायला नको होतं.

सभेच्या आधी कुणीतरी म्हणलं, "शोभाताई, त्या टोप्या तेवढ्या काढा. फोटोजवळ बऱ्या दिसत न्हाईत." न्हाई काढल्या. न्हाई काढणार. बघा वर. काळ्या कागदाच्या, टोकदार, रुंद घेराच्या. चेटकिणीच्या टोप्या. सगळ्या तिच्या हातच्या हायत.

मावशी बाशिंगं करायची. गावातल्या किती नवरानवरींच्या कपाळाला तिचं बाशिंग लागलंय, आठवा. बेगड कापायची, खळ लावायची, मोत्याच्या लडी ओवायची. काका, तिचे मालक, गेले, आणि पुढच्या लग्नसराईत तिचं दार वाजायचं थांबलं. कावून? तर विधवेच्या हातचं बाशिंग चालत न्हाई. अहो, हात तेच. कात्री तीच. आदल्या साली चाललं, यंदा न्हाई! मग कुणाची म्हैस आटली, तर मावशीची नजर. कुणाचं लेकरू रडलं, तर मावशी दारावरून गेलती. चेटकीण म्हणलं तुमी तिला. तोंडावर न्हाई. पण तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

त्याच सुमाराला अंगणवाडीत गोष्टींचं पुस्तक आलतं. त्यात टोकदार टोपीवाल्या चेटकिणीचं चित्र. मावशी तवा माझ्याजवळच बसलेली. मावशीला लागंल म्हणून मी ते लपवाय गेले, तर तिनं हातातनं ओढूनच घेतलं. मला वाटलं, रडती आता. कशाचं काय! ती बोटांनी टोपी मापाय लागली. म्हणली, "शोभे, टोपी लई झोकदार हाय गं. पण घेर कमी पडलाय. चित्र काढणाऱ्यानं कधी कागद वळला न्हाई."

दुसऱ्या दिवशी टोपी तयार. पण हात सवयीचा ना! टोपीला म्होरून मोत्याच्या लडी लावल्या, बाशिंगाला लावत्यात तशा. मी लई हसले. म्हणलं, "मावशी, ही चेटकीण हाय का नवरी?" म्हणली, "दोघींकडं लोक टवकारूनच बघत्यात. राहू दे लडी." आणि तीच टोपी घालून भर पेठेतनं दळण आणायला गेली. बघितलंय तुमी सगळ्यांनी.

मग कुठली थांबतीय. टोपी उलटी टांगली, त्यात फुलं ठेवली. दुसरीच्या अंगाला नक्षी कातरली, आत दिवा सोडला, आकाशकंदील झाला. बोटाएवढ्या टोप्या दोऱ्यात ओवल्या, तोरण झालं. घाटनांदूरच्या एका शाळेनं नाटकासाठी मागून नेल्या. माझ्या अंगणवाडीतली लेकरं चेटकिणीला भ्यायचीच बंद झाली.

तात्या, तुमी पुढंच बसलाव, तुमच्याशीच बोलते. राग आला तर येऊ द्या. लेकीच्या लग्नात मावशीचं बाशिंग परत पाठवणारं पयलं घर तुमचं. आणि मागच्या पोळ्याला तुमच्या बैलजोडीच्या शिंगांवर बेगडाच्या टोकदार टोप्या होत्या, त्या कुणाच्या? मावशीच्या. तुमच्याच घरून मागणं आलतं. मिरवणुकीत तुमी सांगत होताव, असली सजलेली जोडी दुसऱ्या कुणाची दाखवा म्हणून. मावशी ओट्यावर माझ्याजवळ उभी होती. माझा हात दाबून म्हणली, "बैलाला चाललं की गं." एवढंच. मला रडू आलं, तिला न्हाई.

तात्या, बैलाला चाललं. मग लेकीला कावून चालत न्हाई? सांगा ना. कावून?

येत्या रविवारी माझ्या लेकीचं लग्न हाय. तिचे वडील न्हाईत, तुमाला ठाऊकच हाय. म्हणजे मीबी मावशीच्याच रांगेतली. मावशी माझ्या लेकीचं बाशिंग करत होती. हे बघा, पिशवीतनं आणलंय. मधोमध शिखर कशाचं काढलंय बघा. चेटकिणीची टोपी! डाव्या बाजूच्या लडी झाल्यात, उजव्या राहिल्यात. त्या मी ओवणार. एका विधवेनं सुरू केलेलं, दुसरीनं पुरं केलेलं हे बाशिंग माझी लेक मांडवात बांधणार. व्याह्यांना काल सांगितलंय. अजून त्यांचा फोन न्हाई. माझा जीव टांगणीला लागलाय, खोटं कशाला बोलू. पण बाशिंग बदलणार न्हाई. ज्याला हे चालत न्हाई, त्यानं अक्षता टाकायला येऊ नये.

आता दोन मिनिटं उभं राहू. डोळे मिटू नका कुणी. वर बघा, टोप्यांकडं. जिला तुमी बघायचं टाळलं, तिला आज नीट बघा.

मावशी, उजव्या लडी आज बसून ओवते. गाठ तू शिकवली तशीच मारते. निवांत जा.