ठमीचे दोन किलो

जनावरांच्या दवाखान्यात चार खुर्च्या होत्या आणि मला धरून चारही भरलेल्या. शिवाय दोन कुत्रे, एक पोपट आणि शेजारच्या आजींच्या मांडीवर एक मांजर. आजींचा मुलगा उभा होता.

"आई, चार किलोची ठमी सहाची झालीय. तू चोरून खायला घालतेस तिला."

"शपथ घेते. तू निम्मं केलंस, तेवढंच घालते. बिचारी रिकामी वाटी पंजानं ढकलत माझ्या पायाशी आणते."

"नाटकं आहेत. आज वजन जास्त निघालं की तिची रवानगी ताईकडे. ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. माझ्या पायांवर पसरल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा. पण मोजलंस कसं? काट्यावर ठरते कुठे ती?"

"कडेवर घेऊन उभा राहिलो, त्यातून माझे बहात्तर वजा केले. सरळ गणित आहे."

"हे बहात्तर कधीचे?"

"लग्नातले. माझं वजन बदलत नाही."

"या शर्टाचं बटण महिन्यात दोनदा लावलंय मी."

"धुऊन आटलाय तो."

नंबर आला. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाईंनी ठमीला छोट्या काट्यावर अलगद दाबून धरलं.

"चार किलो. गेल्या वर्षीइतकंच."

"काटा बिघडलाय तुमचा."

"असेल हो बिघडलेला," आजी म्हणाल्या. "तो बघ, मोठ्या कुत्र्यांचा दुसरा आहे. चढ त्याच्यावर."

तो चढला. चौऱ्याहत्तर.