दोन मिनिटांत घरबसल्या सर्व्हर

...नाही, पण मला एक सांगा, 'दोन मिनिटांचं काम' आजवर कुणाचं दोन मिनिटांत झालंय? तुमचं? माझं तर नाही. कुणी तसं म्हटलं की मी आधी घड्याळ बघते, आणि यावेळची दोन मिनिटं तर गेले तीन आठवडे चालूच आहेत.

म्हणजे तुम्हाला सांगते, चष्म्याच्या काचा घासायच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर बघते. दुकानांकडून नंबर येतात, डावा डोळा इतका, उजवा इतका, ते आमच्या सर्व्हरवर उतरतात, मी ते तपासते, मग त्यांची चिठ्ठी छापून निघते आणि चिठ्ठी बघून आत कारागीर काच घासतात. सर्व्हर म्हटल्यावर डोळ्यांपुढे भव्य काही आणू नका. जिन्याखालच्या खोलीत, हात पुसायच्या कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी एक करडं खोकं आहे, तो सर्व्हर. वीज गेली की बंद, आली की बटण दाबायचं, आणि मग तो पासवर्ड मागत ताटकळत बसणार. पासवर्ड टाकल्याशिवाय चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम उघडत नाही, चिठ्ठी नाही म्हणून चौदा कारागीर हाताची घडी घालून जिन्याकडे बघत बसतात... आणि पासवर्ड कुणाला ठाऊक? मला. एकटीला. म्हणून रोज आठाच्या आत मी तिथे हजर.

अशात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, घरी आणली, डॉक्टरांनी बजावलं की सहा आठवडे कुणीतरी धरल्याशिवाय उठायचं नाही, पुन्हा पडलात तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. आता आमच्या घरात 'कुणीतरी' म्हणजे कोण हो? आई आणि मी, दोघीच. आईला धरणारी मी आणि सर्व्हरला धरणारीही मीच!

साहेबांकडे गेले. साहेब वाईट नाहीत, पण ते बोलताना पेपरवेट फिरवतात आणि तो थांबेपर्यंत माझा श्वासही थांबतो. म्हणाले, "एक आठवडा घरून करून बघा. काम अडलं नाही, तर पुढेही तसंच करा. अडलं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." मी घेतलं. तिथेच, उभ्या उभ्या.

मग ज्याने सर्व्हर विकला होता त्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो कायम काहीतरी कुरुमकुरुम खात बोलतो. त्याचं म्हणणं, दोन गोष्टी करा. एक, सर्व्हरने पासवर्ड न विचारता आपोआप उघडायचं. दुसरी, घरच्या लॅपटॉपवरून तुम्ही सर्व्हरमध्ये शिरायचं, तिथला पडदा जशाचा तसा इथे दिसेल. "दोन्ही मिळून दोन मिनिटांचं काम आहे मॅडम." कुरुम.

दोन मिनिटांचं काम! एका दिवसापुरतं शेजारणीला आईपाशी बसवून कारखान्यात सकाळी नऊला बसले ती दुपारचे तीन. आपोआप उघडण्यासाठी तो पासवर्ड दोनदा लिहून घेतो, खात्री म्हणून. मी दोन्ही वेळा अगदी सारखाच चुकवला, म्हणून त्यालाही तो खरा वाटला. पुन्हा चालू केल्यावर म्हणतो, पासवर्ड चूक! अरे, तुझा तूच टाकलास ना? तर तेही निस्तरलं. आणि निस्तरल्यावर मला नवीच धास्ती. हे म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपालाच लटकवून ठेवायची, नाही का? कुणीही यावं, बटण दाबावं... मी फोनवर विचारलंसुद्धा. तो म्हणे, "जिन्याखाली कोण येतंय मॅडम?"

येतात ना. स्टोअरच्या मावशी येतात. कारखान्यातला एकुलता एक एसी त्या खोलीत, सर्व्हरला थंड ठेवायला. मावशी डबा तिथेच खातात, चिठ्ठ्याही त्याच छापतात. त्यांना शिकवलं, "मावशी, वीज गेली तर हे बटण दाबायचं, बाकी सगळं आपोआप उघडेल." मावशींनी तीन वेळा करून बघितलं. लहान मुलीसारख्या हसल्या. "पासवर्ड नको नि काही नको. गुणी झालं गं बाळ!"

आणि सोमवार उजाडला. परीक्षेचा पहिला दिवस. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, अशा बेताने की उघड्या दारातून आईचे पाय दिसावेत. पाय दिसले की जिवात जीव राहतो. शिरले. खरंच शिरले! कारखान्याचा पडदा माझ्या घरात. पहिला नंबर तपासायला घेतला, आणि फट्. काळोख. 'संपर्क तुटला.' पुन्हा शिरले. पाच मिनिटं बरी गेली... फट्. पुन्हा शिरले. फट्. तुम्हाला सांगते, बारा वाजेपर्यंत मला त्याने अकरा वेळा बाहेर काढलं. अकरा! घरमालकसुद्धा इतक्या वेळा काढत नाही.

तेवढ्यात आतून आईची हाक. "अगं, जरा येतेस का? बाथरूमला जायचंय." मी म्हटलं, "दोन मिनिटं, आई."

हो, मीच म्हटलं.

कंपनीच्या माणसाला फोन. तो खायचा थांबला. मी ओळखते ना त्याला, तो खायचा थांबला म्हणजे प्रकरण गंभीर. "मॅडम, हे आपोआप होत नाहीये. कुणीतरी तिथे मशीन मुद्दाम बंद-चालू करतंय." झालं! माझ्या डोळ्यांपुढे चोर आला, साहेबांनी बघून ठेवलेलं ते 'दुसरं माणूस' आलं, ते माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच पेनाचं टोपण चावत होतं... किल्ली मीच लटकवलेली ना? आतून पुन्हा हाक. "दोन मिनिटं, आई!"

आणि फोन वाजला. मी इतकी दचकले की लॅपटॉप पडता पडता राहिला. मावशी. आवाज एकदम दबका, खोलीचं दार लावून बोलत असाव्यात.

"अगं, ऐक. तुझं मशीन बिघडलंय. मी चिठ्ठ्या छापत असते आणि मधेच पडदा जातो, पासवर्ड मागायला लागतं. पण तू घाबरू नकोस, मी आहे ना. तू शिकवलंस तसं बंद करते, चालू करते, की उघडतं बिचारं. अकरा वेळा केलं सकाळपासून. साहेबांना पत्ता लागू दिला नाही."

आता ह्या बाईला मी काय बोलू? सर्व्हरमध्ये एका वेळी एकच माणूस. मी घरून शिरले की तिथला पडदा बंद होऊन पासवर्ड मागतो. मावशींना पासवर्ड ठाऊक नाही, पण बटण ठाऊक. त्या मला बाहेर काढतात, मी शिरून त्यांना काढते, पुन्हा त्या मला. सकाळभर दोघी जणी एकमेकींना धक्के मारत होतो, आणि दोघीही कशासाठी? माझी नोकरी वाचवायला!

मी हसू की रडू ठरवतच होते, तर मागे खुडखुड झालं. वळून बघते तर दारात आई. वॉकर धरून, एकटी, गुडघे लटपटतायत, कपाळावर घाम. आणि मी मघापासून तिच्या पायांकडे बघायचंच विसरले होते.

"तुझी दोन मिनिटं कधीच संपली गं," ती म्हणाली.

धरलं. वेळेत धरलं, काही झालं नाही. पण हाताला तिचं वजन लागलं ना... किती हलकी झालीय हो.

मग मावशींशी ठरलं. त्या पडद्यासमोरून उठल्या की दोन रिंग देणार, मग मी शिरायचं. त्यांना बसायचं झालं की पुन्हा दोन रिंग, की मी बाहेर आणि त्यांनी बटण दाबायचं. आठवडा निभावला. साहेबांनी फोन केला, मागे पेपरवेट फिरत होता. "छान जमलं. आता सुट्टीच्या दिवशीही बघत चला. घरीच तर असता." घरीच तर असते मी. कान दोन रिंगांकडे, डोळे आईच्या पायांकडे.

काल साडेअकराला फोन वाजला. न बघताच उचलला, "हं मावशी, उठलात का?"

"मला कुठे उठायची परवानगी आहे?" पलीकडून आवाज आला. "आई बोलतेय. आतल्या खोलीतून."

मी दारातून आत बघितलं. पाय जागेवर होते.

"तू कारखान्यात होतीस तेव्हा अकराला न चुकता फोन करायचीस. गोळी घेतलीस का, काय खाल्लंस, चांगली दहा मिनिटं बोलायचीस. आता तू घरी, म्हटलं आपणच लावावा. विचार की, गोळी घेतली का."

चार पावलं, तुम्हाला सांगते, चार पावलांचं अंतर. मी उठलेसुद्धा होते. लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं होतं. आणि तेवढ्यात कानात टूं... टूं. मावशींच्या दोन रिंग.

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"दोन मिनिटं, आई... लाइनवर थांब."