आरमाराला हातसलामी

सन्माननीय अध्यक्ष बाबासो, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधू-भगिनी आणि पालकहो,

मराठीच्या म्हाताऱ्या मास्तराला माईक दिला की तो कवितेत शिरतो, हे आपण जाणताच. पण कुस्तीचे सर अमरसिंह आज निवृत्त होताना माझ्या जुन्या पद्यनाटकाची आठवण टाळू कशी?

समुद्रातलं चिमुकलं राष्ट्र, त्यावर चालून आलेलं आरमार आणि मदतीला धावलेला राक्षस. राष्ट्र म्हणजे मैदानात निळ्या कापडावर बसवलेला पहिलीचा वर्ग. आरमार म्हणजे पुठ्ठ्याची शिडं लावलेली उसाची ट्रॉली, चढावर चाकांना दगड लावून उभी केलेली. राक्षस कोण, हे सांगायला हवं? दारातून वाकून येणारा माणूस आपल्याकडे एकच.

सरावात हा राक्षस लढाईआधी जहाजाला हातसलामी द्यायचा, आखाड्यात देतात तशी.

"अहो, शत्रू आहे तो. नुसती गर्जना करा."

"गुरुजी, सलामीबिगर अंगावर जाऊ? वस्ताद कान धरतील की."

शेवटी मी सलामी कापलीच.

प्रयोगाला माझं समुद्रवर्णन जरा लांबलं. तेवढ्यात हा हळूच चढावर गेला, जहाजाला हात लावून कपाळाला नेला. आणि नेमके तेव्हाच दगड आपसूक निसटले. ट्रॉली पोरांकडे निघाली.

यानं खांदा दिला. पाय मातीत रुतले, गुडघा वाजला, जहाज थांबलं. प्रेक्षकांतून कुणी पावणं ओरडलं, "बघतोस काय, चितपट कर की."

जत्रेतली ठरलेली कुस्ती त्या गुडघ्यानं नेली, पुढच्याही सगळ्या. दवाखान्यात माझेच डोळे भरले, तर हा म्हणतो, "राष्ट्र वाचलं न्हवं? मग झालं." आणि बरा झाल्यावर शाळेत आखाडा खणला.

सर निवृत्त झाल्यावर तो बुजवून तिथे गाड्या लावायचं घाटत होतं. पण कागदी मुकुटात जांभया देणारी त्या राष्ट्राची राणी, आपली क्रांती, आता कुस्तीची प्रशिक्षक होऊन आलीय. संस्थेनं कालच आखाडा तिच्या हाती दिला. आज सकाळी तिनं मातीत उतरून सरांपुढे हात केला.

"अगं, माझा गुडघा बघ की."

"कुस्ती न्हाय सर. सलामी."

आपण मनापासून ऐकलंत, ऋणी आहे. काही उणं-अधिक बोललो असेन तर वयाच्या खाती घालावं. लांबल्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही. त्या दिवशी समुद्राचं कडवं वेळेत संपलं असतं, तर सलामीला सवड कुठली मिळाली असती, आणि ट्रॉलीला खांदा द्यायला तिथे कोण असतं?