विधान क्रमांक एक: मला माझं असं कोणी नाही

...आणि वर मलाच विचारतात, 'एम. ए. करतेस ना गं कुंदा? मग कॉलेजला जाताना कधी दिसत नाहीस ती?' आता काय सांगू ह्यांना! तुम्हाला सांगते, एम. ए. असतं दोन तऱ्हेचं. एक बाय पेपर्स. त्यांना वर्ग असतो, बाक असतो, बाकावर शेजारीण असते, शेजारणीच्या डब्यात लिंबाचं लोणचं असतं. आणि दुसरं बाय रिसर्च. ह्यांना फक्त गाइड असते! माझी गाइड म्हणजे सुनेत्रा मॅडम. त्या मुंबईत, मी बदलापुरात, महिन्यातून एकदा वीस मिनिटं भेट, त्यातली पंधरा मिनिटं त्या फोनवर. दोन वर्षं झाली, माझ्या वर्गात मी एकटी. पहिलीही मीच आणि ढ पण मीच.

बरं, मानसशास्त्र म्हटलं की आमच्या बदलापूर-कुळगावातले लोक आधी दोन पावलं मागे सरतात, 'वेड्यांचं का?' म्हणतात, आणि मग हळूच तळहात पुढं करतात... 'बघ जरा, प्रमोशनचं काय दिसतंय.' आणि त्यातून मी विषय काय घेतला असेल? स्त्रियांमधला एकाकीपणा! हसा, हसा. साठ बायकांना भेटायचं, तीस उल्हासनगर-अंबरनाथच्या कॉलन्यांमधल्या, तीस जवळच्या मांजर्ली गावातल्या, प्रत्येकीला वीस विधानं, प्रत्येक विधानापुढं चार रकाने: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. बाईनं टिक करायची, झालं! मार्चअखेर साठ फॉर्म भरले नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. आणि ते रद्द झालं की बाबा मला दाखवायला मोकळे. नागपूरचं एक स्थळ तर आमच्याकडे फोटो पाठवून बसलंय, एकोणनव्वद साल उजाडल्यापासून.

फॉर्म सायक्लोस्टाइल करायला गेले उल्हासनगरला, तिथं काउंटरमागचा सिंधी शेठ स्टेन्सिल वाचतोय, वाचतोय, मशीन सोडून वाचतोय... 'दीदी, ये पेपर है या चिट्ठी है? मेरा तो दिल भर आया! बैठो, पहले पापड खाओ.' अहो, मी शंभर प्रती मागतेय आणि हा मला पापड खायला घालतोय, वर पाणी देतोय, वर 'घर में सब ठीक है ना?' आता ह्याला रकाना आहे का? नाही. ह्याला रकाना नाही हो!

मॅडमच्या सूचना तीन. पहिली: उत्तर देणारी बाई त्या वेळी एकटी असावी. एकटी! अंबरनाथला उमावहिनींना फॉर्म दिला, तर त्यांनी गॅलरीतून हाक मारली, 'वृंदा, ये गं, एकटीनं काय भरायचं?' वृंदा आली, तिची जाऊ आली, समोरच्या आजी आल्या, पोहे झाले, आणि एकाकीपणाचा एक फॉर्म पाच जणींनी मिळून भरला, तोही माझंच पेन घेऊन. 'आम्हाला कुठलं मेलं एकटेपण? बाथरूममध्ये गेलं तरी दारावर थाप!' म्हणाल्या आणि खो खो हसल्या. मी भिंतीला टेकून उभी. सोळा विधानांना 'कधीच नाही'. कसेबसे तसले तीस झाले.

मग मांजर्ली. आता दुसरी सूचना: वाचता येत नसेल त्या बाईला विधान जसंच्या तसं वाचून दाखवावं. आणि तिसरी: स्पष्टीकरण देऊ नये, चेहऱ्यावर भाव आणू नयेत, समजलं नाही तर विधान पुन्हा वाचावं. पहिल्याच घरात बनूबाई, सत्तरीच्या, अंगणात वाल सोलत बसलेल्या, आणि चक्क एकट्या! मला कोण आनंद! समोर मांडी घातली आणि खणखणीत वाचलं, 'विधान क्रमांक एक. मला माझं असं कोणी नाही.'

बनूबाईंचा हात थांबला. 'तुजा कोनीच नाय?'

आता आली का पंचाईत? मी काय म्हणायला हवं होतं? 'माझं नाही हो आजी, तुमचं सांगा.' पण ते झालं स्पष्टीकरण! मी आपला चेहरा दगडासारखा केला आणि विधान पुन्हा वाचलं. 'मला माझं असं कोणी नाही.'

'आगो बाय! आयबाप कधी गेलं?'

पुन्हा वाचलं. ऐकायला कमी येत असेल म्हणून जरा ओरडूनच वाचलं. तशी कुडापलीकडून कौसाबाई आली, मागून इंदुबाई आली, 'काय झाला गो?' 'ह्या पोरीचा कोनीच नाय!' 'अरं देवा, आन् दिसाय तर चांगल्या घरची!' आणि अर्धवट फॉर्म बाद होतो ना, म्हणून मी आपली पुढं वाचतेय... 'विधान दोन. माझी कोणी वाट पाहत नाही.' कौसाबाई घरात पळाली ती भाकरी आणि सुकट घेऊन आली. 'विधान पाच. मी बोलते ते कोणी ऐकत नाही.' तर बनूबाईंनी वालाचं सूप बाजूला सारलं, दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला, 'आमी आयकतो ना गो. बोल.'

तुम्हाला सांगते, दोन वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. 'बोल' म्हणून. गाइड नाही, आई नाही, कुणी नाही. चौदाव्या विधानाला माझा आवाज फाटला. खरंच सगळं माझं होतं हो ते! वीसच्या वीस! मी इतके दिवस लोकांना वाटत फिरत होते, आणि स्वतः एकदाही मोठ्यानं वाचलं नव्हतं. चेहऱ्यावर भाव आणू नयेत म्हणे... बनूबाईंनी पदरानं ते भाव पुसून काढले. आता ह्याला रकाना? नाही!

दुसऱ्या दिवसापासून मांजर्लीत ज्या घरी जाईन तिथं आधी ताट. मी म्हणते, 'मला कोणी समजून घेत नाही,' बाई म्हणते, 'घेल गो, लगीन झाला का घेल.' तीस फॉर्म भरले, तीसही एकसारखे, एकात एक बाई स्वतःविषयी बोलली असेल तर शपथ!

आणि कळस ऐका. आमचे बाबा आनंदनगरच्या फॅक्टरीत ऑफिसर. त्यांच्या खात्यातला धर्मराज मांजर्लीचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'साहेब, पोरीला घरात घ्या. चूक सगळ्यांकडून व्हते.' बाबा घरी आले ते चपलांसकट आत! 'कुंदा! तुला कोणी नाही? मग मी कोण? ही तुझी आई कोण?' आणि मग पाणी प्यायले, खुर्चीवर बसले, आणि बारीक आवाजात म्हणाले, 'असं काही असलं तर घरात सांगायचं, गावात कशाला?' मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बातम्या लागल्या. ह्याला रकाना नाही.

मॅडमनी फॉर्म चाळले, चष्मा काढला. 'कुंदा, हा डेटा तुझा आहे, त्यांचा नाही. मांजर्लीचे तीसही रद्द. पुन्हा जा. आणि प्लीज, तटस्थ राहा.' पुन्हा फोन वाजला. मी निघाले.

काय करता? मार्चअखेर पंधरा दिवसांवर आली होती, नागपूरचा फोटो टेबलावर होता. तटस्थ होऊन, केस घट्ट बांधून, नवे तीस फॉर्म घेऊन गेले पुन्हा मांजर्लीत. बनूबाईंच्या सुनेनं मला लांबूनच पाहिलं आणि आत ओरडली, 'आये, ती कोनी नसलेली आली गो!'

आणि तुम्हाला सांगते... मी ओ दिली.