रेडियमच्या पादुका

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका. मला स्वतःलाच ते अजून नीट आलेलं नाही! वस्तूवर चमक चढवली, तर मान कुणाचा वाढतो? वस्तूचा? वापरणाऱ्याचा? की करणाऱ्याचा?

कळंबेवाडी नावाचं गाव. गावात महाराजांच्या समाधीचा मठ. मठाच्या खालच्या पायरीजवळ, पिंपळाखाली, सातप्पा चर्मकार तीस वर्षं चपला करत बसलेला. चामडं असं कमवायचा की चप्पल पायाची बहीण वाटावी! पण पायरी काही तो चढला नाही. का? मठाचे अध्यक्ष दौलतराव. त्यांचा नियम — चामडं पायरीच्या वर नको. आणि यंदा तर त्यांनी ठरवलेलं, की सातप्पाची बैठकच तिथून उठवायची. भाविकांना वास येतो म्हणे! स्वतःच्या पायात मात्र सातप्पाचीच चप्पल. पायाला वास येत नाही ना, मंडळी!

सातप्पाला रात्रंदिवस तोच घोर. पिंपळ सुटला की गिऱ्हाईक सुटलं. तशात दौलतराव आले. म्हणाले, महाराजांच्या पुण्यतिथीला मला अशी जोडी हवी की अंधारातसुद्धा दिसावी, लोकांना कळावं कोण आलंय. नीट केलीस तर बैठकीचं बघू.

सातप्पा हळूच म्हणाला, "मालक, चामड्याला तेल पाजावं लागतंय. वर रेडियम थापलं, तर तेल आत जायाचं न्हाई. चार महिन्यांत भेगा पडतील."

"चार महिने कुणाला पाहिजेत? एक दिवस चमकली तरी बास."

ऐकलंत? एक दिवस! आपलं तरी काय वेगळं असतं? लग्नातला आहेर आठवा!

सातप्पानं शहरातून रेडियमची पूड आणली, रोगणात कालवली. चपलेच्या वेणीवर, कानांवर, अंगठ्यावर तीन हात दिले. चांगल्या चामड्याचं तोंड बंद करताना त्याचा हात अडखळत होता. पण पिंपळ डोळ्यांपुढे होता ना!

पुण्यतिथी आली. दौलतरावांनी दिवसभर उन्हात मिरवून ती जोडी मधल्या पायरीवर काढली. बाकीच्यांच्या खाली, यांची मधोमध! तिन्हीसांजेला धुपारती. त्या मठाची रीत अशी, की आरतीला सगळे दिवे मालवायचे, फक्त समाधीपुढची समई ठेवायची. आरती संपली. गावातल्या वडीलधाऱ्या शेवंताकाकू सगळ्यांत आधी बाहेर आल्या — आणि जागीच थबकल्या. काळोखात, पायरीवर, हिरवट सोनेरी उजेडात दोन पावलं!

महाराजांच्या पादुकाच प्रकटल्या, असं समजून काकूंनी हात जोडले. मागच्यांनी काकूंना बघून जोडले. त्यांच्या मागच्यांनी तर काही न बघताच जोडले! हळदकुंकू झालं, फुलं झाली. काकूंनी ती जोडी पदरात घेतली आणि थेट समाधीपुढे नेऊन ठेवली. चामडं आत! अध्यक्षांच्या देखत!

आता दौलतरावांनी करावं काय? माझ्या म्हणावं, तर अर्ध्या गावानं त्यांच्या चपलेला डोकं लावलेलं. गप्प बसावं, तर अनवाणी घरी जायचं — वाटेवर खडी, आणि ती खडी त्यांच्याच कारकिर्दीत पडलेली! त्यांनी सातप्पाला हाक मारली. म्हणाले, तू केल्यास ना? मग तूच सांग यांना, या चपला आहेत म्हणून. म्हणजे बोलणी कुणी खायची? सातप्पानं!

सातप्पा खालच्या पायरीवर उभा. आयुष्यभर उलट बोलला नव्हता. त्यानं एकदा पिंपळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "केल्या म्याच. कुणासाठी केल्या, ते मालक सांगतील."

सगळ्या माना दौलतरावांकडे वळल्या. ते म्हणाले, "महाराजांसाठीच… करून घेतल्या मी."

शेवंताकाकू म्हणाल्या, "मग पहिलं फूल करणाऱ्याच्या हातचं. ये सातप्पा, वर ये."

आणि तो चढला, मंडळी. एकेक पायरी मोजत.

पादुका करणाऱ्याला पिंपळाखालून कोण उठवणार? चार महिन्यांनी रेडियमला भेगा पडल्या, खपल्या निघाल्या, उजेड गेला. मठाच्या मंडळाला वाटलं, आता टाकून द्याव्यात. सातप्पानं उरलेल्या खपल्या नखानं काढल्या आणि चामड्याला तेल पाजलं. तेव्हापासून दर गुरुवारी तो तेलाची वाटी घेऊन आत जातो. दौलतराव आता खालच्या पायरीपाशी प्लॅस्टिकच्या सपाता काढतात. सगळ्यांच्या खाली.

माझा प्रश्न तसाच राहिला. दुसरा विचारतो, सोपा आहे. तुमच्या चपला आत्ता बाहेर आहेत. मघापासून त्यांची काळजी तुमच्या तोंडावर दिसते आहे! निघाल तेव्हा अंधारातही पायाला त्या बरोबर सापडतील. पण मंडळी, ज्यानं त्या शिवल्या, त्याचं नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

नाही ना? मग घरी जाताना वाट थोडी वाकडी करा. त्याच्यापाशी थांबा. नाव विचारा.