दगडाबाईच्या दाराचा रंग

सुलाबाई: आन् ह्याच्या पुढं काय हाय?

लिंबाजी: कशाच्या पुढं, माय?

सुलाबाई: ह्या पायरीच्या. ही बाई घागर घिऊन वळायली न्हवं का, ती कुठं वळायली?

लिंबाजी: गंगेकडं. तिथं आपली फरशीची गल्ली जरा वाकडी होते आणि वळलं की एकदम नदीच दिसते. थांब, त्याचाही फोटो आहे. हा घे. कडेला धर, मधे बोट लावू नकोस.

सुलाबाई: न्हाई लावत. लेकरावाणी जपायलास. मला तर वाटलं व्हतं, परभणीला नेऊन धुणार म्हणलास तवा समदी माणसं पुसून यायची. धुऊन बी राह्यलेत की जिथल्या तिथं.

लिंबाजी: हे धुणं वेगळं असतं.

सुलाबाई: मस्तर झालास, आता माईला धुणं शिकव. आसं वाकडं हाय व्हय हितं. सपनात सरळ आसतं.

लिंबाजी: कोणत्या स्वप्नात?

सुलाबाई: येती ही गल्ली मला. लय वर्सं झाले. मी चालायले, चालायले. पायाखाली गार फरशी, डोक्यावर काईच न्हाई, मान कशी हलकी हलकी. दोन्ही अंगाला दारं, समदी हिरवी. दारात कुणी दिसत न्हाई, पर आतनं आवाज येतेत. कुठं जातं चालायलंय, कुठं बाई लेकरू निजवायली, कुणी कुणाला तवा उतरव म्हणायलंय. मला कुणी काई म्हणत न्हाई. मी आपली चालायले, आन् गल्ली काई सरत न्हाई. सरूच नये आसं वाटतं. मंग कोंबडं आरडतं.

लिंबाजी: कधी बोलली नाहीस.

सुलाबाई: सपनाचं काय बोलायचं, बाबा. तुहा बाप आसता तर हसला आसता. म्हणला आसता, खुळे, चावडीपसून गंगेपस्तोर येवढीशी गल्ली, बिडी सरायच्या आत सरती.

लिंबाजी: म्हणजे तू खरंच कधी गेली नाहीस? जाग्या डोळ्यांनी?

सुलाबाई: तोंडापस्तोर रोज गेले की. चावडीपाशी तो सपाट धोंडा हाय का न्हाई, त्याच्यावर मोळी टाकायची आन् आवाज द्यायचा. बाया आतनं यायच्या. समद्या ठाव्या हायत मला. तानुबाईला बारीक काटक्या लागायच्या, फुकून फुकून डोळे गेले म्हणायची. केशरबाईला बाभळीबिगर चालायचं न्हाई. आन् दगडाबाई. ती मोळी हलवून हलवून बघायची आन् वल्ली हाय म्हणायची. चैताच्या उन्हात वाळलेली आसली तरी वल्लीच. त्यांची तोंडं पाठ हायत, त्यांच्या घरात कोण कवा बाळंत झालं ते बी पाठ हाय. दारं तेवढी न्हाई बघितली. मोळी दिली की नाल्याकडच्या वाटंनं घरी.

लिंबाजी: आता तुला कोण अडवतंय, माय? मी शाळेत असल्यापासून त्या गल्लीतून जातोय. ते सोड, बाबा जातच होते.

सुलाबाई: जायचा. दीक्षा घिऊन आला त्या दिसापसून दुसरी वाट धरली न्हाई त्यानं. काम नसलं तरी जायचा. आन् खोकत जायचा मुद्दाम, घराघरात कळावं म्हणून. मला म्हणला, चल. मी म्हणले, डोक्यावर मोळी हाय, ती टाकून येते. मोळी टाकली की कायतरी निघायचं. कवा तुला ताप, कवा शेळी सुटली. मंग त्यानं म्हणायचं सोडलं, आन् मंग त्योच गेला.

लिंबाजी: आता तर मोळीही नाही.

सुलाबाई: न्हाई. दुष्काळात रानात काटकी राह्यली न्हाई, आन् त्यांच्या घरात आले स्टोव्ह. आता तोंडापस्तोर जायला बी काई कारण न्हाई.

लिंबाजी: कारण मी सांगतो. हे फोटो परभणीला शाळेच्या संमेलनात भिंतीवर लावणार आहेत. मी हेडमास्तरांना म्हटलं, मोठी देवळं आणि पुढारी कुणीही काढतं, मी आमच्या गावातली एक गल्ली दाखवतो, रोज असते तशी. ते हो म्हणाले. काल सगळे ओळीनं मांडून बघितले. घागरवाली आहे, बांगड्यांची पेटी घेऊन बसलेला आहे, आबासाहेब उन्हात दाढी करून घेतायत तो आहे, शेळी आहे, कुत्रं आहे. तू नाहीस.

सुलाबाई: मी कशी आसन? गल्लीत जात न्हाई, तर फोटूत कशी यीन?

लिंबाजी: तेच मला खुपायला लागलं. गावातली गल्ली म्हणून सांगणार आणि आपल्या घरचं माणूस त्यात नाही. कुत्रं आहे, माय. कॅमेऱ्यातल्या नव्या रोलमध्ये एकच फोटो राहिलाय. उद्या सकाळी चल.

सुलाबाई: न्हाई.

लिंबाजी: का?

सुलाबाई: मला भ्या वाटतं.

लिंबाजी: कुणाचं?

सुलाबाई: त्येच तर कळत न्हाई. कुणी आडवं आलं आसतं तर गेले बी आसते. भांडले आसते, तोंडाला कवा मागं राह्यले का मी? पर कुणी आडवतच न्हाई. मंग कुणाशी भांडू? पाय आपले आपण नाल्याकडं वळतेत. तू शिकलेला हाईस, तुला नवल वाटंल. मला बी वाटतं.

लिंबाजी: नवल नाही वाटत. वाईट वाटतं.

सुलाबाई: वाटू दे. हे कुणाचं दार म्हणलास?

लिंबाजी: हेच दगडाबाईचं.

सुलाबाई: हेच व्हय ते. रंग कंचा हाय?

लिंबाजी: फोटो काळापांढराच असतो, माय.

सुलाबाई: ते दिसायलंय मला. पर तू तर डोळ्यांनी बघितलास न्हवं?

लिंबाजी: निळा असेल. नाही, थांब, तपकिरी. आठवेना. सावली चांगली पडली होती, मी तेवढीच बघत होतो.

सुलाबाई: ल्हानपणापसून जायलास आन् दाराचा रंग सांगता यीना.

लिंबाजी: रोजच्या रस्त्यावरचं दार कोण बघतं?

सुलाबाई: आन् ह्या तानुबाईच्या दाराचा?

लिंबाजी: नाही आठवत.

सुलाबाई: जळ्ळं तुहं मस्तरपण. समदी गल्ली उचलून आणलीस आन् रंग तिथंच ठिवून आलास. हिरवी आसतील बघ. मह्या मनात तर हिरवीच हायत.

लिंबाजी: मग बघून ये.

सुलाबाई: तुही परभणीची गाडी कवा हाय उद्या?

लिंबाजी: दुपारी. का?

सुलाबाई: आसंच. मंग सकाळ खालीच हाय म्हण की.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, फरशीच्या गल्लीत.)

लिंबाजी: धोंडा मागं राहिला, माय. ही गल्लीच आहे.

सुलाबाई: कळायलंय मला. हात सोड. म्हशीला पाण्यावर न्यायलास का मला? फरशी लय गार हाय रे. सपनातल्यावाणी गार.

लिंबाजी: गार लागणारच. चप्पल हातात कशाला घेतलीस?

सुलाबाई: कवा?

लिंबाजी: बघ की.

सुलाबाई: आगं बया. कवा काढली म्या? काढल्याचं ध्यानात बी न्हाई मह्या. धोंड्यापशी आसंल.

लिंबाजी: घाल पायात. आत्ताच्या आत्ता.

सुलाबाई: तापू नकोस बापावाणी. घालते.

लिंबाजी: माय, लोक बघतील. बाबांनी बघितलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना? घाल म्हणतो ना.

सुलाबाई: मघाशी हातानं काढली, मला न इचारता. आता मी मह्या मनानं चार पावलं आनवाणी चालायले. गार लागायलंय ते लागू दे. ह्या गारव्यासाठी किती राती घातल्या म्या. मंग घालते. घालते म्हणले ना.

लिंबाजी: बरं. चाल.

सुलाबाई: हळू बोल. आवाज ऐकू दे. जातं न्हाई रे वाजत कुणाचं.

लिंबाजी: गिरणी आली आता. तो सूं आवाज येतोय तो स्टोव्हचा.

सुलाबाई: त्यो बी ग्वाड लागायलाय. लेकरू मातर रडायलंय कुणाचं तरी, बरं झालं. हे केशरबाईचं दार ना? ह्याला तर तांबडी काव लावली. आन् ते पत्र्याचं. येकबी हिरवं न्हाई. घे, घातली चप्पल. झालं तुहं समाधान?

दगडाबाई: कोण हाय? सुले का? मोळी तिकडं धोंड्यावर टाक बाई, आत कशाला आणलीस?

सुलाबाई: मोळी न्हाई आणली, बाई.

दगडाबाई: मंग?

लिंबाजी: मावशी, माझ्याबरोबर आलीय ती. हिलाही ह्या गल्लीतून चालायचा तेवढाच...

सुलाबाई: तू गप रे, लिंबाजी. तुहं भाषण परभणीला कर. बाई, मी तुमच्या दाराचा रंग बघाय आले. पोराच्या फोटूत कळंना.

दगडाबाई: दाराचा रंग?

सुलाबाई: व्हय.

दगडाबाई: आता तू म्हणलीस म्हणून मी बी बघायले. इतकी वर्सं हितं सूप घिऊन बसायले, हमेशा दाराकडं पाठ. निळा दिला व्हता आमच्या ह्यांनी, थोरलीच्या लग्नात. आता कुठला निळा आन् कुठलं काय. लाकूडच दिसायलंय नुसतं. तुला कंचा वाटला व्हता?

सुलाबाई: हिरवा.

दगडाबाई: कशावरनं?

सुलाबाई: कशावरनं म्हणून सांगू. मी तोंडाला उभी राहून हाळी द्यायची आन् तुमी आतनं आले आले म्हणायच्या. ते मला हिरव्या दारातनं आल्यावाणी वाटायचं.

दगडाबाई: आन् मी आल्या आल्या काय म्हणायची तर, मोळी वल्ली हाय.

सुलाबाई: हमेशा.

दगडाबाई: वल्ली नसायची गं.

सुलाबाई: ठाव हाय मला.

दगडाबाई: सुले, मघाशी मी काय म्हणून गेले बघ. मोळी तिकडं टाक. दुष्काळापसून चूल न्हाई पेटली घरात, सून त्या स्टोव्हापशी कुणाला फिरकू देत न्हाई. आन् तुला बघितलं की मोळीच आली तोंडात. मनात काई नव्हतं बाई मह्या. तोंडालाच सवय लागलेली. लाज वाटायली मला आता.

सुलाबाई: ते तोंडाचं झालं. मह्या हातात मघाशी चप्पल व्हती, बाई. मला बी ठाव नव्हतं. लेकानं दावली तवा दिसली.

दगडाबाई: पायातली?

सुलाबाई: पायातली.

दगडाबाई: काय म्हणावं आता. बस की. उभ्यानं काय बोलायलीस. हे जोतं बी निळंच व्हतं, बरं का. तुह्या पोराला मातर मानलं मी. पहिल्या दिशी त्यो डबडं घिऊन आला तर आबासाहेब टोपी घालून खुर्चीच टाकून बसले गल्लीत. केशरबाई नथ घालून आली. समदे आपले पुतळ्यावाणी. ह्यानं कुणाचा फोटू काढला न्हाई. नुसता बसून राह्यला समोरच्या पायरीवर, रोज. मंग कुणाला फुरसत हाय त्याच्याकडं बघायला? आमी आपापल्या कामाला लागलाव, आन् कवा काढले त्यानं ते कळलं बी न्हाई.

लिंबाजी: मावशी, आता एकच राहिलाय. तुमचा दोघींचा काढतो, असंच जोत्यावर.

दगडाबाई: थांब मंग. पदर नीट घिऊ दे. सुलाबाई, मह्या कपाळाचं कुंकू पसरलंय का गं?

सुलाबाई: न्हाई. बरूबर हाय.

लिंबाजी: माय, जरा अलीकडं सरक. ऊन छान आलंय. मावशी, सूप राहू द्या मांडीवर.

सुलाबाई: लिंबाजी, नको काढूस.

लिंबाजी: आता काय झालं? आलीस ना इथवर? भिंतीवर हाच फोटो मधोमध लावणार आहे मी.

सुलाबाई: मला काई झालं न्हाई. लय बरं वाटायलंय. भ्या बी न्हाई आता. पर आज नको.

दगडाबाई: काढायलाय तर काढू दे की, सुलाबाई. मी नाहक पदर सारखा केला का?

सुलाबाई: तुमचा काढू द्या, बाई. मी आज पाव्हणीवाणी दिसन. आंगावर धुतलेलं लुगडं, आन् डोळे भिरभिर दारादाराकडं.

लिंबाजी: मग कधी, माय?

सुलाबाई: उद्या यीन. परवा बी यीन. बाजाराला जाताना हितनंच जाईन, गंगेवर जाताना हितनंच. तू दिवाळीला आलास की बस तिथं पायरीवर तुहं डबडं घिऊन. मी समोरनं गेले आन् ह्या बाईनं सुपातनं मान बी वर केली न्हाई, आसं झालं की काढ.